सीमेवर एआयचा पहारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमेवरच्या पाळतीबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांचे तेच ते प्रश्न येतात. काही भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे, काही जवानांच्या घरच्यांचे, काही कोकणातल्या मच्छीमारांचे आणि बरेचसे बातमीत 'एआय' हा शब्द वाचून वैतागलेल्यांचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. सीमेवर एआय म्हणजे नेमकं काय? रोबो उभे करतात का?

रोबो नाहीत. प्रत्यक्षात दिसतो तो एक खांब. त्यावर दिवसाचा कॅमेरा आणि उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा असतो. काही ठिकाणी जोडीला रडार, काही ठिकाणी जमिनीत पुरलेली, पावलांची कंपनं टिपणारी केबल. ही उपकरणं आधीपासून होतीच. एआय म्हणजे त्यांच्या मागे बसवलेला संगणक. हजारो चित्रं दाखवून त्याला शिकवलेलं असतं की हा माणूस, ही गाय, हे वाऱ्याने हललेलं झुडूप. माणूस दिसला असं वाटलं की तो चौकीवर इशारा देतो.

ताडोबालगतच्या गावात वाघाची चाहूल लागली की मोबाइलवर संदेश पाठवणारे कॅमेरे बसवल्याचं तुम्ही वाचलं असेल. तंत्र तेच. फरक एवढाच की वाघ कॅमेऱ्याला फसवायचा विचार करत नाही.

२. नुसते कॅमेरे होते तेव्हा काय अडत होतं?

बघणारा माणूस अडत होता. रात्री दोन वाजता आठ पडद्यांसमोर बसून काहीच न घडणारं चित्र बघत राहणं किती अवघड आहे, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसाचं लक्षही अर्ध्या-पाऊण तासात ढळू लागतं. यंत्राचं ढळत नाही. त्याच्या कामाची खरी किंमत एवढीच आहे, आणि ती कमी नाही.

३. भारताच्या सीमेवर हे खरंच चालू आहे, की फक्त प्रदर्शनात मांडतात?

दोन्ही. भारताची जमिनीवरची सीमा १५,१०६.७ किलोमीटर आहे आणि तिच्या फार थोड्या भागावर अशी जोडलेली यंत्रणा आहे. जानेवारी २०१६ मधल्या पठाणकोट हल्ल्यानंतर सीमेवरच्या फटींचा प्रश्न ऐरणीवर आला आणि 'सीआयबीएमएस' या एकात्मिक सीमा-व्यवस्थापन यंत्रणेला गती मिळाली. तिचे पहिले दोन पथदर्शी पट्टे, प्रत्येकी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, जम्मूत १७ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाले. ५ मार्च २०१९ रोजी आसाममधल्या धुब्रीत ६१ किलोमीटरचा पट्टा सुरू झाला (प्रश्न ५). जुलै २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एआयवर चालणारी ७५ उत्पादनं एकाच दिवशी सादर केली. त्यात पाळतीची साधनंही होती.

बातमी वाचताना एक पथ्य पाळा. 'स्मार्ट कुंपण' म्हणजे एआय असं आपोआप धरू नका. लेझरचा किरण तुटला की भोंगा वाजणं याला बुद्धिमत्ता लागत नाही, ते काम दुकानाच्या दारावरची बेलही करते. वेगवेगळ्या उपकरणांच्या खुणा जुळवून 'हा माणूसच आहे' असा अंदाज बांधला जातो, तिथून एआय सुरू होतं.

४. ही यंत्रणा लष्कराची की बीएसएफची?

ज्याची सीमा त्याची यंत्रणा. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), चीनच्या बाजूला आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), नेपाळ-भूतानला एसएसबी (सशस्त्र सीमा बल), म्यानमारला आसाम रायफल्स. नियंत्रण रेषेची जबाबदारी लष्कराची, चीनच्या बाजूलाही लष्कर तैनात असतंच. त्यामुळे 'भारताची सीमा एआयच्या हाती' असा एकच निर्णय कुठे झालेला नाही. प्रत्येक दल आपल्या जमिनीप्रमाणे आणि बजेटप्रमाणे खरेदी करतं.

५. धुब्रीत एवढा खटाटोप कशासाठी? सरळ कुंपण का घालत नाहीत?

कारण तिथे जमीन जागेवर राहत नाही. धुब्रीजवळ ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरते. पात्र कित्येक किलोमीटर रुंद, त्यात असंख्य प्रवाह आणि वाळूची बेटं. या बेटांना तिकडे 'चर' म्हणतात. पावसाळ्यात चर बुडतात, ओसरल्यावर दुसरीकडेच वर येतात. यंदा रोवलेला खांब पुढच्या वर्षी नदीत असतो. बांगलादेशलगतच्या ४,०९६.७ किलोमीटर सीमेपैकी सुमारे ३,२०० किलोमीटरला कुंपण झालं आहे. उरलेल्यात नद्या-नाल्यांचे असे पट्टे आहेत.

म्हणून तिथे काठावर दिवसरात्र चालणारे कॅमेरे, घुसखोरीची चाहूल घेणारे सेन्सर आणि मायक्रोवेव्ह व ऑप्टिकल फायबरचं दळणवळण जोडून चौकीला चित्र पोहोचवलं. या प्रकल्पाचं नाव 'बोल्ड-क्यूआयटी'. या नावात क्यूआरटी म्हणजे ताबडतोब धावून जाणारं पथकही आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. नाव ठेवणाऱ्याला कळलं होतं की कॅमेरा कोणाला पकडत नाही. होडी दिसणं आणि होडीपर्यंत पोहोचणं यांच्यामध्ये नदी असते.

गंमत म्हणजे याच बांगलादेश सीमेवर, पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, बीएसएफच्या एका बटालियनने २०२३ मध्ये कुंपणावर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. कुंपण कापायला गेलं की माश्या उठतात, आणि गावकऱ्यांना मध मिळतो. त्याला वीजही लागत नाही.

६. रात्री, धुक्यात, पावसात हे चालतं का? थर्मल कॅमेऱ्याला सगळं दिसतं म्हणतात.

रात्री उत्तम चालतं. बाकीच्या बाबतीत 'सगळं दिसतं' हे विकणाऱ्याचं वाक्य आहे.

थर्मल कॅमेरा प्रकाश पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. थंड रात्री उबदार माणूस ठळक उठून दिसतो. आता मे महिन्यातलं जैसलमेर घ्या. दुपारी वाळू माणसाच्या अंगापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, तेव्हा माणूस उलट गडद डाग म्हणून दिसतो. वाळू तापताना आणि निवताना दिवसातून दोनदा अशी वेळ येते की अंग आणि जमीन जवळजवळ सारख्याच तापमानाला असतात. त्या थोड्या वेळात माणूस चित्रात विरघळतो. हे जाणणाऱ्याला सीमा ओलांडण्याची वेळ निवडता येते.

जम्मू-पंजाबमधलं डिसेंबर-जानेवारीचं दाट धुकं थर्मललाही आंधळं करतं. पाण्याचे सूक्ष्म थेंब उष्णतेचे किरण शोषतात आणि विखुरतात. तिथे रडार कामाला येतं, पण रडारला 'काहीतरी हलतंय' एवढंच कळतं. पावसाळ्यानंतर जम्मूच्या पट्ट्यात सरकंडा हे गवत माणसाच्या उंचीपेक्षा वर जातं, मग कॅमेरा कितीही हुशार असो, विळा घेऊन गवत कापावंच लागतं.

एआयची वेगळी अडचण अशी की ते शिकलेल्या चित्रांपुरतंच शहाणं असतं. राजस्थानातल्या चित्रांवर तयार झालेलं मॉडेल बर्फात नेलं तर पांढऱ्या कपड्यातला, अर्धा बर्फात रुतलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. जिथे वापरायचं तिथली, सगळ्या ऋतूंमधली चित्रं लागतात, आणि ती गोळा करायला निदान एक वर्ष जातं. त्याला टेंडरची तारीख थांबत नाही.

७. चुकीचे इशारे किती येतात?

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हा आहे, म्हणून जरा विस्ताराने.

यंत्र 'माणूस आहे' किंवा 'नाही' असं सांगत नाही. ते गुण देतं: ६२ टक्के माणूस, ९१ टक्के माणूस. किती गुणांवर इशारा वाजवायचा ती रेघ आपण आखतो. खाली आखली तर प्रत्येक नीलगायीला भोंगा वाजेल. वर आखली तर रांगत येणारा माणूस सुटेल. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेघ नसते. विक्रेता 'अचूकता ९८ टक्के' म्हणतो तेव्हा विचारायचं: कोणत्या रेघेवर, आणि कोणत्या हवेत?

हिशेब करून पाहा (आकडे केवळ समजण्यासाठी). शंभर कॅमेरे, प्रत्येकाचा तासाला फक्त एक खोटा इशारा. ऐकायला किती थोडा वाटतो. बारा तासांच्या रात्रीत १,२०० इशारे होतात, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. त्या पट्ट्यात खरा घुसखोर कदाचित सहा महिन्यांतून एकदा येत असेल. तिसऱ्या रात्रीपर्यंत ड्युटीवरचा जवान इशारा न बघता बंद करायला शिकतो. लांडगा आला रे आला, इथे फक्त मेंढपाळाच्या जागी सर्व्हर आहे.

उपाय आहेत. एकाच उपकरणावर विसंबायचं नाही, रडार आणि कॅमेरा दोघांनाही दिसलं तरच मोठा इशारा द्यायचा. गुरांच्या रोजच्या वाटा यंत्राला शिकवायच्या. आणि जवानाने 'खोटा' म्हणून बंद केलेला प्रत्येक इशारा मॉडेल सुधारायला परत पाठवायचा. शेवटचं काम सर्वांत कंटाळवाणं, म्हणून सर्वांत आधी मागे पडतं.

८. डोंगरात नेटवर्क नसतं. मग हे सगळं कोणत्या सर्व्हरवर चालतं?

खांबावरच. छोटा संगणक कॅमेऱ्याशेजारी बसवतात, तो तिथल्या तिथे चित्र तपासतो आणि तासन्‌तासाच्या चित्रणाऐवजी एक फोटो आणि दोन ओळी पाठवतो. एवढं रेडिओवरूनही जातं. लडाखसारख्या ठिकाणी नेटवर्कपेक्षा वीज मोठी डोकेदुखी. उणे तीस अंशांत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते आणि सौर पॅनलवर बर्फ साचतो. तो झटकायला माणूस जातो.

९. मुलगा भरतीची तयारी करतोय. एआयमुळे जवानांच्या जागा कमी होतील का?

सातारा-सांगलीकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. बीएसएफचं बळ अडीच लाखांहून अधिक आहे आणि कॅमेऱ्याने ते घटवल्याचं दिसत नाही. इशारा आला की कोणीतरी जावंच लागतं (प्रश्न ५), गवत कापावं लागतं, बर्फ झटकावा लागतो. बदलतंय ते कामाचं स्वरूप. नियंत्रण कक्ष, ड्रोन, रेडिओ, दुरुस्ती यांकडे माणसं वळतात. बीएसएफमध्ये हेड कॉन्स्टेबल रेडिओ ऑपरेटर आणि रेडिओ मेकॅनिक ही पदं पूर्वीपासून आहेत. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या मुलाने त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. धावण्याचा सराव मात्र सोडू नका.

१०. पंजाबात ड्रोनने अमली पदार्थ येतात. ते एआयला पकडता येत नाहीत का?

येतात, पण सोपं नाही. पंजाब सीमेवर बीएसएफने २०२३ मध्ये शंभराहून जास्त आणि २०२४ मध्ये अडीचशेहून जास्त ड्रोन हस्तगत केले. बरेचसे चिनी बनावटीचे, हातावर मावतील असे. लहान, प्लास्टिकचा, खालून उडणारा ड्रोन रडारला घारीसारखाच दिसतो. एआय इथे पंख्यांच्या फिरण्याने रडारच्या परतीच्या लहरीत पडणारी बारीक थरथर ओळखतं, पक्ष्याच्या पंखांची थरथर वेगळी असते.

दुसरा मार्ग म्हणजे ड्रोन आणि तो चालवणारा यांच्यातला रेडिओ संदेश हेरणं. तो जाम केला की ड्रोन भरकटतो किंवा उतरतो. पण मार्ग आधीच भरून सोडलेला ड्रोन कोणाशी बोलतच नाही, मग हेरायचं काय? अशा वेळी पुन्हा रडार, कॅमेरा आणि कान. पंजाबातले शेतकरी आवाज ऐकून बीएसएफला कळवतात, हा आजही मोठा आधार आहे. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली, तेव्हापासून हा विषय तस्करीपुरता राहिलेला नाही.

११. आणि भुयारं?

इथे एआय फार कच्चं आहे. जम्मूच्या सांबा भागात ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे दीडशे मीटरचं भुयार सापडलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरोट्याच्या चकमकीनंतर आणखी एक. जमिनीत बघणारं रडार ओल्या, चिकण मातीत फार खोल पोहोचत नाही. पुरलेल्या केबलची कंपनं ऐकून खणण्याचा आवाज आणि विहिरीच्या पंपाचा आवाज वेगळा करण्याचे प्रयत्न होतात. व्यवहारात मात्र बीएसएफच्या तुकड्या पायी फिरून जमीन तपासतात.

१२. आपल्या कोकण किनाऱ्याचं काय? समुद्रातही सीमा आहेच की.

आहे, आणि महाराष्ट्राने तिची किंमत मोजली आहे. १९९३ मध्ये रायगडमधल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, २००८ मध्ये दहशतवादी मुंबईत बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली. तिची माहिती २०१४ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या गुरुग्राममधल्या केंद्रात एकत्र येते. मोठी जहाजं आपली ओळख आणि ठिकाण सतत प्रसारित करतात. अचानक ओळख बंद करणारं, एका जागी घुटमळणारं किंवा वाट बदलणारं जहाज शोधून काढणं हे एआयला छान जमतं.

अडचण छोट्या होड्यांची. त्यांच्यासाठी इस्रोचं तंत्रज्ञान वापरून एक लाख ट्रान्सपाँडर (बोटीचं ठिकाण आणि संदेश पाठवणारी उपकरणं) बसवण्याच्या सुमारे ३६० कोटींच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. यातून संकटाचा संदेश पाठवता येतो आणि सागरी सीमा जवळ आली की इशारा मिळतो. डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात, त्यांच्या घरच्यांना याचं मोल सांगायला नको.

आता अवघड भाग. २००८ मध्ये दहशतवादी आले ते 'कुबेर' या पळवलेल्या भारतीय बोटीतून. आजची यंत्रणा तेव्हा असती, तर पडद्यावर एक नोंदणीकृत भारतीय मासेमारी बोट घरी परतताना दिसली असती. बोटीवर कोण आहे हे रडारला कळत नाही. ती माणसं वेगळी आहेत हे किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांच्या लक्षात आलं होतं, त्यांनी हटकलंही होतं.

१३. यंत्र स्वतःच गोळी झाडतं का?

भारताच्या सीमेवर नाही, गोळीचा निर्णय माणसाचा. दक्षिण कोरियाने २००६ च्या सुमारास मशिनगन बसवलेला 'एसजीआर-ए१' हा पहारा-यंत्रमानव तयार केला, त्याही वेळी झाडण्याचा अधिकार माणसाकडेच असल्याचं सांगितलं गेलं. मात्र भारत या विषयावर बंधनं स्वीकारायला उत्सुक आहे असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांविषयीचा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चारच मतं होती, त्यात भारताचं एक. चर्चा जिनिव्हातल्या ठरलेल्या मंचावरच व्हावी, ही भारताची भूमिका.

१४. इस्रायलकडे एवढं तंत्रज्ञान असूनही ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला कसा घडला?

गाझाभोवतीचं सुमारे ६५ किलोमीटरचं कुंपण डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झालं होतं. कॅमेरे, सेन्सर, दुरून चालणाऱ्या बंदुका, सगळं होतं. हमासने स्वस्त ड्रोनमधून स्फोटकं टाकून टेहळणी मनोरे आंधळे केले आणि बुलडोझरने कुंपण पाडलं. जास्त बोचणारी गोष्ट दुसरी: गाझालगतच्या नाहल ओझ या लष्करी तळावर पडदे बघणाऱ्या तरुण सैनिक मुली कित्येक महिने पलीकडचा सराव दिसतोय असं वर कळवत होत्या. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही.

पैसा ओतून हात पोळलेला दुसरा देश अमेरिका. मेक्सिको सीमेवर 'एसबीआयनेट' हे आभासी कुंपण २००६ मध्ये सुरू केलं आणि सुमारे १०० कोटी डॉलर खर्चून, ॲरिझोनात जेमतेम ५३ मैल झाल्यावर, २०११ मध्ये गुंडाळलं.

१५. शत्रू एआयला फसवू शकतो का?

नक्कीच, आणि कधीकधी हास्यास्पद रीतीने. अमेरिकेत मरीन सैनिकांना अशा एका यंत्रणेपर्यंत न ओळखता पोहोचायला सांगितलं होतं. काही जण कोलांट्या मारत गेले, दोघे खोक्याखाली लपून हसत हसत गेले. यंत्राने चालणारी माणसं शिकली होती, चालणारी खोकी नाही. साध्या शिपायाला मात्र मैदानात सरकणारं खोकं बघून लगेच संशय आला असता. वेळ निवडणं (प्रश्न ६) आणि गुरांच्या कळपाआडून सरकणं या जुन्या युक्त्या आहेतच.

१६. नेपाळची सीमा खुली आहे. तिथे एआय काय करणार?

नेपाळी आणि भारतीय नागरिक १,७५१ किलोमीटरच्या या सीमेवरून व्हिसाशिवाय ये-जा करतात. 'सीमेवर माणूस दिसला' हा इशाराच तिथे निरर्थक आहे. तिथे उपयोग नाक्यांवर वाहनांचे नंबर वाचण्यापुरता आणि शोधयादीतला चेहरा जुळवण्यापुरता.

१७. सीमेवरच्या गावात राहणाऱ्यांच्या खासगीपणाचं काय?

कुंपणापलीकडे शेत असलेला शेतकरी रोज गेटवर ओळखपत्र दाखवून जातो. त्यात कॅमेऱ्याची भर पडली की त्याच्या घरी कोण आलं, कधी आलं याचीही नोंद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना देशाच्या सुरक्षेसाठी सूट देता येते. कडक समजला जाणारा युरोपचा २०२४ चा एआय कायदाही राष्ट्रीय सुरक्षेला वगळतोच. चित्रण किती दिवस ठेवायचं आणि कोणी बघायचं, एवढं तरी गावकऱ्यांना मराठी-हिंदी-पंजाबीत, म्हणजे त्यांच्या भाषेत, लिहून मिळायला हवं असं मला वाटतं.

१८. इशारा वाजला, पण जवानाने दुर्लक्ष केलं. जबाबदार कोण?

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर कोरियाचा एक माणूस समुद्रातून पोहत दक्षिणेत आला आणि कुंपणाखालच्या पाइपातून आत शिरला. तो कॅमेऱ्यांत दहा वेळा दिसला होता, इशाराही दोनदा वाजला होता. पहिल्या आठ वेळा कोणी हललं नाही. तिथे डिव्हिजनच्या कमांडरला पद गमवावं लागलं.

यंत्र प्रत्येक इशाऱ्याची वेळ आणि तो कोणी बंद केला हे लिहून ठेवतं, त्यामुळे चौकशीत शेवटच्या शिपायाचं नाव सहज सापडतं. प्रश्न ७ मधली रेघ कोणी आखली, रात्रीचे हजार खोटे इशारे कोणी चालवून घेतले, हे त्याच नोंदीत असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एआय विश्वासार्ह आहे का हे तपासण्याची चौकट जाहीर केली आहे. रेघ बदलणाऱ्याची सहीही तिथे घ्यावी, अशी सूचना एका निवृत्त सुभेदार वाचकाने मला पाठवली होती. ती जशीच्या तशी इथे ठेवतो.